फ्लेक्सवर आलेली पेटी

मी फौजेत नेमकं काय करत होतो हे माझ्या बायकोला आजही माहीत नाही. मी बिनतारीवाला होतो, माझ्या खोलीचं दार आतून बंद असायचं आणि सुट्टीवर आलो की मी फारसं बोलत नसे, एवढंच तिला ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत तिनं एकदा विचारलं होतं. हे विचारायचं नसतं, असं मी सांगितलं आणि विषय संपला.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तेव्हा वरवरचं सांगायला हरकत नाही. माझं काम सायफरचं. म्हणजे साधा संदेश यंत्रात घालायचा, त्याचा पार कचरा करायचा आणि तो कचरा हवेत सोडून द्यायचा. दुसऱ्या टोकाला ज्याच्याकडे त्या दिवसाची तीच चावी आहे, त्याला त्यातून पुन्हा शब्द मिळतात. बाकीच्या जगाला नुसती खरखर. ही चावी लोखंडाची नसते. आमच्या वेळी ती भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीवर यायची. दिवस संपला की दोघांनी मिळून ती पट्टी जाळायची, राख पाण्यात कालवायची आणि बोटं घालून चाचपायची, की एखादा तुकडा शाबूत तर नाही ना. थंडीच्या ठिकाणी त्या पाण्यानं हात बधिर व्हायचे. तरी त्या राखेत बोटं घातल्याशिवाय मी कधी जेवायला बसलो नाही.

नोकरीच्या शेवटच्या काळात ती जुनी यंत्रं बदलायचा हुकूम आला. यंत्राला आम्ही पेटीच म्हणायचो. जुनी पेटी उचलायला दोघं लागत, ती तापायची, तिच्यातून जळक्या रबराचा वास यायचा आणि पावसाळ्यात ती रुसून बसायची. नवी पेटी एका काखेत मावणारी. चावी कागदावर नाहीच. ती एका यंत्रातून दुसऱ्यात परस्पर जाते, माणसाच्या नजरेला पडतही नाही. झाकणाशी कुणी जबरदस्ती केली तर पेटी आपलं आतलं सगळं आपणच पुसून टाकते. काही महिने आम्ही जुनी आणि नवी शेजारी शेजारी चालवली, तोच संदेश दोन्हींतून पाठवून पाहिला, मग एकेक ठाणं नव्यावर नेलं. जुन्या पेट्या फोडायची वेळ आली तेव्हा मला जरा वाईट वाटलं, पण नवी पेटी पाहून माझा जीव खरोखर निवला होता. कुणीतरी डोकं लावून, रात्रीचा दिवस करून ती बनवली होती. ती बाहेरून फोडणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

शिकवणारे साहेब म्हणायचे की या पेटीला आता एकच धोका उरला आहे, तो म्हणजे तिच्यासमोर बसणारा माणूस. मी मान हलवायचो. त्यांना खरं म्हणजे त्या माणसाचे नातेवाईक म्हणायचं असावं, हे मला अमरावतीला परतल्यावर कळलं.

मला आमच्या लोकांची जी शिसारी यायला लागली, ती इथूनच. बँकेत पैसे काढायला जावं, तर शेजारचा माणूस मोबाइलवर आलेला ओटीपी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडून कुणाला तरी सांगत असतो. बडनेऱ्याच्या फलाटावर एक बाई नणंदेच्या ऑपरेशनची साद्यंत हकिकत स्पीकर लावून ऐकत बसते. राजकमल चौकात गिला वडा खाताना मी कुणाच्या घरी किती सोनं आहे, कोण कधी गावाला जाणार आणि किल्ली कुठल्या कुंडीखाली असते, हे सगळं ऐकलेलं आहे. कुणी विचारलेलं नसतं. पोटात काही ठेवलं की यांना अपचन होतं. आणि एखादा गप्प बसला की तो माणूस बरोबर नाही, असं यांचं ठाम मत. मी गप्प बसायचो, म्हणून गल्लीत माझ्याबद्दल एक अफवा होती की मला फौजेतून काढून टाकलं आहे.

घरच्यांचा एक ग्रुप होता. रोज सकाळी फुलं, देव, चहाचे कप, आणि त्यांच्यामधून कोण कुठल्या गाडीत बसलं, कुठं उतरलं, काय खाल्लं. मी त्यात कधी काही टाकलं नाही. माझी थोरली बहीण, आमची ताई, त्या ग्रुपची राणी. ती अकोल्याला असते. भाऊजी तिथल्या भाजीबाजारात अडत करतात. त्यांना फोनवर हळू बोलणं माहीत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, माझ्याकडे बघून फौजेत गेला आणि नशिबानं माझ्याच कामावर लागला. नव्या पेट्यांच्या पुढच्या खेपेचं शिक्षण घ्यायला त्याची निवड झाली, तेव्हा त्यानं फोनवर मला एवढंच सांगितलं, "मामा, तुमच्या खोलीत बसून राहिलो." मला फार बरं वाटलं. आपल्या घरात निदान एक तोंड तरी बंद राहील, असं मला वाटलं होतं.

मग वरूडचं स्थळ आलं. मुलीचे वडील संत्र्याचे व्यापारी, बागाही घेतात आणि मालही बाहेर पाठवतात. मुलगी शिकलेली, बोलायला चांगली. सगळं जुळलं, पण वडिलांच्या मनात एकच काटा. ताईच्या घरी बोलणी चालू असताना त्यांनी तो माझ्यासमोरच काढला.

"पोरगा फौजीत हाय, ठीक हाय. पण करते काय तो तिथी? बंदूक चालवते, गाडी चालवते, का लंगरात पोया लाटते?"

"ऑफिसचं काम आहे," मी म्हणालो.

"म्हंजे काय? आमच्या वरुडात एक जन व्हता. साहेब हावो म्हने फौजीत. सोयरीक झाल्यावर निंगाला धोबी."

ताई माझ्याकडे वळली. "भाऊ, तूच सांग ना त्याइले, काय करते तो ते."

"ते सांगता येत नाई, ताई."

"काहून? चोरी करते काय माया पोरगा?"

सगळे हसले. वरूडचे गृहस्थ हसले नाहीत. आमच्याकडे मुलाची चौकशी अशीच होते: शेत किती ते सातबाऱ्यावर पाहायचं, घर कसं ते माडीवर चढून पाहायचं आणि नोकरी काय ते डोळ्यांनी पाहायचं. शाळेत असेल तर शाळेत जाऊन, दुकान असेल तर गल्ल्यापाशी बसून. फौजेत जाऊन कसं पाहणार? मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मुलगा जबाबदारीच्या कामावर आहे, माझा शब्द घ्या. त्यांनी शब्द घेतल्यासारखी मान हलवली आणि ताईकडे पुरावा मागितला.

हे मला नंतर कळलं. ताईनं मुलाला फोन केला, तुझ्या कामावरचा एक फोटो पाठव, मशीनपाशी बसलेला, नाहीतर हे स्थळ जातं. आणि त्या गाढवानं तो पाठवला.

दिवाळीनंतर अकोल्याला साखरपुडा ठरला. मी आणि बायको सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूरमार्गे निघालो. ताईचं घर बायपासकडच्या नव्या ले-आउटमध्ये. रिक्षा वळणावर आली आणि मला समोर भाचा दिसला, दोन विजेच्या खांबांमध्ये ताणलेल्या फ्लेक्सवर, माणसाच्या दुप्पट उंचीचा.

एका बाजूला नवरी मुलगी, भोवती गुलाबाची फुलं. दुसऱ्या बाजूला भाचा वर्दीत, खुर्चीवर, छाती काढून बसलेला. फ्लेक्सवाल्यानं त्याला इतकं गोरं केलं होतं की तो आमच्या घरातला वाटत नव्हता. खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, त्यात मीही, नावाच्या जागी 'मामा, रिटायर्ड मेजर'. मी मेजर कधीच नव्हतो. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. पण माझी नजर तिथं नव्हती. भाच्याच्या खांद्यामागे ती पेटी होती. नवी, उघड्या कपाटात ठेवलेली, पुढच्या पट्टीवरचं नाव-नंबर वाचता येईल अशी. आणि तिच्याही मागे भिंतीवर पांढरा फळा, त्यावर शिकवणाऱ्यानं काढलेली आकृती: कुठलं ठाणं कुठल्या ठाण्याशी कशातून बोलणार, मधली जोडणी कुठं. फ्लेक्सवाल्यानं काम चोख केलं होतं. फोटो मोठा करताना अक्षर फाटू दिलं नव्हतं.

मला अक्षरशः ओकारी आली. मी रिक्षातून उतरून रस्त्याच्या कडेला जरा वाकून उभा राहिलो. बायको विचारत होती, बस लागली काय. वर्षानुवर्षं राखेत बोटं घालून जे सांभाळलं, ते इथं झेंडूच्या माळा लावून टांगलं होतं, आणि खालून एक गाय शांतपणे त्या माळा खात होती.

वळणावर पेरूची गाडी होती. मी त्या पेरूवाल्याची सुरी उचलली, खांबालगतच्या कठड्यावर चढलो आणि दोऱ्या कापल्या. एक बाजू खाली आली तसे भाऊजी धावत आले.

"मेजर! येडे झाले काय तुमी? शुभ कामाच्या दिवशी फ्लेक्स फाडून राहिले!"

"हा फोटो कुणाकुणाकडे गेला?"

"कोनाकडं म्हंजे? साऱ्याइकडं! काल सांजेपासून लोकं फ्लेक्ससमोर उभे राहून सेल्फी काढून राहिले."

मी दुसरी बाजू कापली आणि फ्लेक्स गुंडाळून घेतला. वरूडची मंडळी तेवढ्यात गाडीतून उतरत होती. मुलीच्या वडिलांना आपला अपमान झाला असं वाटलं, आणि माझी समजूत पटवायला त्यांनी मोठ्या अभिमानानं मोबाइल पुढे केला. आपल्या जावयाचा फोटो त्यांनी संत्र्याच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. माल कुठं कुठं जातो हे मला माहीत होतं. वरूडचं संत्रं कलकत्त्याकडून सरहद्द ओलांडतं. पलीकडचे घेणारेही त्याच ग्रुपात. त्या बिचाऱ्यांना संत्र्याच्या भावापलीकडे कशात रस नसेल. पण एकदा बाहेर पडलेला फोटो कुणाच्या हातात जाऊन थांबतो, हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

"आमचा जावई कंप्युटरवर हाय, हे साऱ्याइले समजलं ना आता," ते म्हणाले. "लंगरात नाई."

त्या समाधानी चेहऱ्याची मला इतकी किळस आली की मी तसाच पुढे गेलो.

भाचा मागच्या अंगणात होता. आचारी भजी तळत होता, आणि हा शेरवानी घालून कढईपाशी गरम भजी खात उभा. माझ्या हातातली फ्लेक्सची गुंडाळी पाहून त्याचा घास तोंडातच राहिला. म्हणजे त्याला कळत होतं.

"मोबाइल आत नेला कसा बे?"

"बुटात." मग लगेच, "मामा, साऱ्याइनंच काढले. शिक्षणाचा शेवटचा दिवस व्हता. साहेब जेवाले गेले व्हते."

"अन् फळा?"

"फळा पुसाचा राह्यला." आणि मग त्यानं मला खरी चीड आणणारं वाक्य म्हटलं. "दुश्मन काय अकोल्याले येऊन फ्लेक्स वाचते काय, मामा?"

मी हात उगारला होता. आचारी बघत होता म्हणून खाली घेतला.

"त्या फळ्यावर जेवढी ठाणी हायेत ना," मी म्हणालो, "तेवढ्या ठिकानी एकेक पोरगं बसलं हाय. त्याइच्याही माय-बहिनी त्याइच्यासाठी पोरी पाहून राहिल्या असतीन. तुयी सोयरीक जमाव म्हून त्याइनं काहून मराव?"

तो रडायला लागला. रडणाऱ्या माणसाच्या ओठावर भज्याचं तेल होतं. मला दया यायला हवी होती, ती आली नाही. मी म्हणालो, "आत्ता साहेबाले फोन लाव. तू सांगतं, का मी सांगू?"

"नोकरी जाईन, मामा. अन् नोकरी गेली का हे लग्नही जाईन."

"जाईन. लाव फोन."

त्यानं फोन लावला. मी शेजारी उभा राहिलो. त्यानं काय झालं ते सांगितलं. तिकडून दोन-तीन वाक्यं आली, तीही शांत. ताबडतोब परत ये. फोटो ज्याच्याकडे दिसेल त्याला पुसायला लाव. बाकीचं आल्यावर. भाच्यानं त्या दिवशी अंगठी घातली, जेवला नाही आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी दुपारभर मांडवात एकेका पाहुण्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, तो फोटो काढून टाका. काहींनी काढला. काहींनी माझ्यासमोर काढला आणि घरी जाऊन परत लावला. एका मावशींनी विचारलं की फोटोत पोराला नजर लागली काय.

ताईनं मला पाणीही विचारलं नाही. निघताना दारात म्हणाली, "माया पोराच्या पोटावर पाय देल्ला तू. सख्ख्या मामानं." मी म्हणालो, ताई, मी नसतो तर कुणा दुसऱ्यानं सांगितलं असतं आणि तेव्हा तो कैदेत गेला असता. तिनं दार लावून घेतलं.

नोकरी गेली नाही. आपण होऊन सांगितलं म्हणून वाचला, असं पुढे माझ्या एका जुन्या साथीदाराकडून कळलं, तेही त्यानं फार मोजक्या शब्दांत सांगितलं. बढती गोठली, सायफरच्या खोलीत पाय ठेवायची कायमची बंदी झाली आणि त्याला रेशनच्या गोदामावर टाकलं. आणि त्या फळ्यावरची सगळी मांडणी रद्द करून नव्यानं बसवावी लागली. नव्या पेट्या, नवी जोडणी, कुठं कुठं बर्फात जाऊन पोरांनी पुन्हा लावली. एवढ्या हुशार यंत्राला, जे झाकणाला हात लागला तर स्वतःचं पोट स्वतः रिकामं करतं, त्याला आमच्या सोयरिकीनं हरवलं. हे आठवलं की अजूनही माझ्या तोंडाची चव जाते. आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी आजही तेच करीन.

घरच्या ग्रुपमधून मला काढलं. मला त्याचं सुख-दुःख नाही, असं मी बायकोला सांगितलं. वरूडचं स्थळ मोडलं असणार, असं मी धरून चाललो. ताईला दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. भाऊजी एकदा अमरावतीच्या बाजारात दिसले. ते माझ्याकडे बघून फोनवर बोलू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

फेब्रुवारीत बायको म्हणाली की चांदूर रेल्वेला माहेरी जाऊन येते, भावाकडे पूजा आहे. जा म्हणालो. तीन-चार दिवसांनी ती आली. दुपारी मी तिची पिशवी रिकामी करायला घेतली तर खाली संत्री. मृगाच्या बहाराची, मोठी, पातळ सालीची, देठासकट कात्रीनं तोडलेली. चांदूरच्या बाजारात असला माल मिळत नाही. असा माल घरचा माणूस आपल्या बागेतून निवडून देतो. वर नव्या साडीची घडी होती आणि तिच्यात अडकलेल्या हळद लागलेल्या अक्षता.

मी संत्रं हातात धरून बसलो. हळूहळू सगळं जुळत गेलं. लग्न झालं होतं. वरूडला, बागेत, माझ्या सगळ्या गोतासमोर. एकही फ्लेक्स लागला नव्हता. गल्लीत कुणाच्याही मोबाइलवर मला काही दिसलं नव्हतं, पानठेल्यावर कुणाच्या तोंडून शब्द निसटला नव्हता. ज्या माणसांच्या पोटात शेजाऱ्याच्या कुंडीखालची किल्ली राहत नाही, त्यांनी, ताईनं, भाऊजींनी, त्या वरूडकरानं, मावश्यांनी, सगळ्यांनी मिळून एक अख्खं लग्न माझ्यापासून लपवलं होतं. आणि भाच्यानं. आणि हिनं. मला फार, फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला नोकरीतही कधी वाटलं नव्हतं.

बायको न्हाणीतून बाहेर आली. माझ्या हातात संत्रं पाहून ती थांबली, पण घाबरली नाही.

"तू मले सांगितलं काहून नाई?" मी विचारलं.

तिनं माझ्या हातातून संत्रं घेतलं, सोललं आणि अर्धं माझ्यापुढं ठेवलं.

"तुमी फौजीत काय करत व्हते ते मी एक डाव इचारलं," ती म्हणाली. "तुमी नाई म्हनले. मंग मी पुन्हा कधी इचारलं काय?"